आलमट्टी की आभाळ?

कोल्हापुरात पावसाळ्यात दोन आकडे पोराटोरांनाही पाठ असतात. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर गेली की धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हे पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि २०२१ च्या जुलैमध्ये ५६ फुटांच्या वर. दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बुडाला, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपतीच्या मूर्ती पाण्यात गेल्या, शिरोळ तालुक्यातली गावं जनावरांसह हलवावी लागली. पाणी ओसरायच्या आतच वाद पेटला, आणि तो आजही विझलेला नाही. एक बाजू म्हणते, कर्नाटकाने कृष्णेवरच्या आलमट्टी धरणात पाणी अडवलं म्हणून आपण बुडालो. दुसरी म्हणते, नदीच्या पात्रात भराव घालून बंगले बांधले, त्याचं हे फळ. तिसरं म्हणणं सरकारी पत्रकांत हमखास सापडतं: हवामान बदललं आहे, त्याला कोण काय करणार?

या तिसऱ्या म्हणण्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. हवामान बदललं आहे हे खरंच आहे. पण तेच खरं पुढे करून बाकी सगळ्या प्रश्नांपासून सुटका करून घेता येते, आणि मग ऐकणाऱ्याचा विज्ञानावरचाच विश्वास उडतो. म्हणून आभाळाचा वाटा किती आणि माणसांच्या कारभाराचा किती, हे नीट समजून घ्यायला हवं.

हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त बाष्प मावतं. हे एकोणिसाव्या शतकापासून माहीत असलेलं भौतिकशास्त्र आहे, त्यात कुणाचं राजकारण नाही. अरबी समुद्रावरचे वारे हे बाष्प घेऊन येतात, सह्याद्रीवर चढताना थंड होतात आणि गगनबावडा, राधानगरी, दाजीपूरवर रिते होतात. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून शंभरेक किलोमीटर पूर्वेला शिरोळमध्ये पाचशेच्या आसपास. शिरोळला जो पूर येतो त्याचा पाऊस शिरोळमध्ये पडलेलाच नसतो. घाटावर पाच दिवसांत काय झालं, यावर सपाटीवरच्या माणसाचं घर राहणार की जाणार हे ठरतं.

इथे एक गोष्ट आहे, जी दोन्हीकडचे लोक आपापल्या सोयीने अर्धीच सांगतात. केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये भारताच्या बदलत्या हवामानाचा एक मोठा आढावा प्रसिद्ध केला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तो सिद्ध केला होता. त्यात नोंद आहे की १९५१ ते २०१५ या काळात देशातला मान्सूनचा पाऊस सुमारे सहा टक्क्यांनी घटला, आणि जिथे तो ठळकपणे घटला त्या भागांत पश्चिम घाटही आहे. हे वाचून कुणी म्हणेल, मग कसला हवामान बदल, पाऊस तर कमी झालाय. पण त्याच आढाव्यात असंही आहे की मध्य भारतात दिवसाला १५० मिलिमीटरहून जास्त कोसळणाऱ्या पावसाच्या घटना १९५० नंतर सुमारे पाऊणपट वाढल्या. त्याच संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं की गुजरात-महाराष्ट्रापासून पूर्वेकडे पसरलेल्या पट्ट्यात, एकाच वेळी मोठ्या प्रदेशावर कोसळणारा अतिवृष्टीचा पाऊस १९५० ते २०१५ दरम्यान तिपटीने वाढला, आणि त्यामागे अरबी समुद्रावरून उसळून येणारं बाष्प आहे.

एकूण पाऊस कमी आणि मुसळधार पाऊस जास्त, या दोन गोष्टी एकत्र कशा बसतात? कोळसा आणि इतर इंधनांच्या धुरातले सूक्ष्म कण सूर्यप्रकाश अडवतात, जमीन हवी तेवढी तापू देत नाहीत. जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातल्या फरकावर मान्सून चालतो; तो फरक मंदावला की सरासरी पाऊस रोडावतो. उलट हवेतलं बाष्प वाढलेलं असतं. त्यामुळे कोरडे दिवस वाढतात आणि जेव्हा पडतो तेव्हा थांबत नाही. २०१९ मध्ये मान्सून उशिरा आला, जून जवळपास कोरडा गेला, आणि जुलैअखेर ते ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सगळं कोसळलं. २०२१ मध्ये २२ आणि २३ जुलैच्या २४ तासांत महाबळेश्वरला ५९० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला. शिरोळचा अख्ख्या वर्षाचा पाऊस तिथे एका दिवसात पडला, आणि तो कोयना-कृष्णेतून खाली आला.

त्यात आणखी एक भर पडते. कोरडी जमीन पाणी पिते, तुडुंब भिजलेली पीत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी पडणारा पाऊस जवळजवळ पुरा नदीतच येतो. म्हणून पाऊस दहा टक्के जास्त झाला तर पूर दहाच टक्के जास्त येईल, असा हिशोब चालत नाही. तो बराच जास्त येतो.

ही उष्णता माणसामुळेच वाढली कशावरून, सूर्यामुळे किंवा निसर्गचक्रामुळे कशावरून नाही, असा प्रश्न ऊस परिषदेच्या मांडवातही कुणी विचारू शकतो, आणि तो रास्त आहे. त्याचं एक उत्तर कोल्हापूरच्या कारखान्यांच्या धुराड्यांतूनच देता येतं. ऊस हवेतून कार्बन घेतो. हवेतल्या कार्बनमध्ये कार्बन-१४ हा किरणोत्सारी प्रकार अगदी अल्प प्रमाणात असतो. तो उसात उतरतो, चिपाडात राहतो, आणि बिद्रीच्या किंवा कुडित्र्याच्या साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये हे चिपाड, म्हणजे बगॅस, जळतं तेव्हा धुरातही असतो. दगडी कोळसा कोट्यवधी वर्षं जमिनीखाली पडून आहे. कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो, त्यामुळे कोळशात तो उरलेलाच नाही. हवेत वाढलेला कार्बन जर उसासारख्या जिवंत झाडांतून किंवा समुद्रातून आला असता तर हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण साधारण तेच राहिलं असतं. ते पातळ झालं, आणि झाडांच्या वार्षिक वर्तुळांत ते पातळ होणं हान्स सूस यांनी १९५० च्या दशकातच मोजून दाखवलं. औद्योगिक क्रांतीआधी हवेच्या दहा लाख भागांत २८० भाग कार्बन डायऑक्साइड होता, आज ४२० हून जास्त आहे, आणि ही भर जमिनीखालून उपसलेल्या इंधनाची आहे. शिवाय सूर्य जास्त तापला असता तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. तो थंड होतो आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये, कोल्हापूरचा चिखल अजून काढला जात असताना, आयपीसीसी या आंतरराष्ट्रीय हवामान मंडळाच्या सहाव्या अहवालाचा पहिला भाग आला, आणि माणसामुळे पृथ्वी तापली याबद्दल त्यात कसलीही शंका ठेवलेली नाही.

आता आलमट्टी. तिथली पूर्ण पाणीपातळी समुद्रसपाटीपासून ५१९.६ मीटर आहे. राजाराम बंधाऱ्यावरची धोका पातळी ५४० मीटरच्या वर आहे. धरणाचं पाणी आपल्या पातळीपेक्षा वीस मीटर उंचावरच्या शहरात चढून येत नाही. धरणाच्या फुगवट्याचा परिणाम त्याच्या पातळीच्या थोडा वरपर्यंत जाणवतो आणि मग विरत जातो. २०१९ च्या महापुरानंतर राज्य सरकारने नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने २०२० च्या अहवालात आलमट्टी धरण आणि कर्नाटकातल्याच हिप्परगी बंधाऱ्याला या पुरासाठी जबाबदार धरलं नाही. विलक्षण पाऊस, आक्रसलेलं पात्र आणि अतिक्रमणं यांकडे बोट दाखवलं. कोल्हापूर शहरापुरतं तरी मला हे पटतं.

मात्र शिरोळचा शेतकरी जे पाहतो तेही खोटं नाही. त्याच्याकडे पाणी चढतं लवकर आणि उतरतं फार सावकाश. पंचगंगा नरसोबावाडीला कृष्णेला मिळते. कोयनेचं पाणी घेऊन कृष्णा आधीच फुगलेली असेल तर पंचगंगेला पुढे जायला वाट राहत नाही आणि ती मागे तुंबते. पुढे कृष्णेचा उतार अगदी कमी, वाटेत बंधारे, पुलांचे भराव, गाळ. आज ज्या पातळीला धरणाचा परिणाम कोल्हापुरापर्यंत येत नाही, ती पातळी उद्या वाढली तर तळच्या गावांचं काय, हा स्वतंत्र प्रश्न आहे. ब्रिजेशकुमार लवादाने २०१० मध्ये आलमट्टीची पातळी ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास मुभा दिली. सर्वोच्च न्यायालयातल्या दाव्यांमुळे तो निवाडा अधिसूचित झालेला नाही. या वाढीव उंचीला महाराष्ट्राने केलेला विरोध समजण्यासारखा आहे. पण तेवढ्यावर २०१९ चं सगळं खापर कर्नाटकावर फोडलं तर कोल्हापुरातल्या जयंती नाल्याच्या काठावरची बांधकामं कुणी मंजूर केली, हे विचारायचं राहूनच जातं.

ती बांधकामं दोन रेषांवर ठरतात. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पुष्कळांना वाटतं, शंभर वर्षांचा पूर एकदा येऊन गेला म्हणजे आता शंभर वर्षं निवांत. तसं नाही. त्याचा अर्थ, दरवर्षी तो येण्याची शक्यता एक टक्का. तीस वर्षांचं गृहकर्ज काढून लाल रेषेवर घर बांधलं, तर कर्ज फिटेपर्यंत एकदा तरी पाणी घरात येण्याची शक्यता २६ टक्के. निळ्या रेषेवर असेल तर सत्तर टक्क्यांच्या वर. आणि हा हिशोब जुन्या पावसाच्या नोंदींवर चालतो. पाऊस पडण्याची रीतच बदलली तर कालची लाल रेषा उद्याची निळी होते. कोल्हापूरने दोन वर्षांच्या अंतराने दोन विक्रमी पूर पाहिले आहेत. हवामान बदल खराच आहे असं ज्या शासनाला वाटतं, त्याने रेषा मागे सरकवायला हव्यात. त्या सरकवायची वेळ आली की मात्र बांधकामाचा दबाव येतो. आभाळाचा वाटा आणि आपला वाटा एकमेकांना पर्याय नाहीत, ते एकमेकांना गुणतात.

अमेरिकेत हवामान बदलाचा वाद विज्ञान खरं की खोटं यावर अडकला. तिथे २००९ मध्ये हवामानविषयक विधेयक प्रतिनिधिगृहात २१९ विरुद्ध २१२ मतांनी मंजूर झालं आणि सिनेटमध्ये मतदानापर्यंतही पोचलं नाही. आपल्याकडे विधिमंडळात उभं राहून हवामान बदल थोतांड आहे असं सहसा कुणी म्हणत नाही. पण भारतात हवामानावर एकसंध कायदाही नाही. माळढोक पक्ष्यावरून सुरू झालेल्या एम. के. रणजितसिंह खटल्यात २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क घटनेच्या १४ आणि २१ या कलमांत शोधला, आणि अशा कायद्याची उणीव नोंदवली. बाकी सगळं वेगवेगळ्या कायद्यांत विखुरलेलं आहे, आणि कोल्हापूर जिल्ह्यात ते उसाच्या फडातून येतं.

२००३ च्या वीज कायद्याच्या ८६ व्या कलमाने राज्यांच्या वीज नियामक आयोगांवर सहवीज आणि अपारंपरिक विजेला प्रोत्साहन देण्याची जबाबदारी टाकली. वितरण कंपन्यांनी आपल्या विजेतला ठरावीक हिस्सा अशा स्रोतांकडून घ्यावा असं बंधन आलं. एक टन ऊस गाळला की पावणेतीनशे-तीनशे किलो बगॅस उरतं. पूर्वी कमी दाबाच्या बॉयलरमध्ये ते कसंबसं जाळून संपवत. उच्च दाबाचे बॉयलर बसल्यावर त्याच बगॅसमधून कारखाना चालवून उरलेली वीज महावितरणला विकता येऊ लागली. हे या कायद्याचं खरं यश आहे. ऊस कार्बन घेतो आणि वर्षभरात तोच परत देतो, म्हणून हवेतल्या साठ्यात भर पडत नाही. पुढे सौर वीज युनिटमागे अडीच-तीन रुपयांना मिळू लागली आणि कारखान्यांच्या विजेला कोण चांगला दर देणार हा प्रश्न आला. दर ठरवताना एक गोष्ट मात्र विसरली जाते: बगॅसची वीज रात्रीही मिळते, सौर मिळत नाही.

इथेनॉलची गोष्ट याहून बोलकी आहे. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने उसाच्या रसापासून थेट इथेनॉल करायला वाव दिला, आणि नंतर पेट्रोलमध्ये वीस टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट २०२५-२६ पर्यंत अलीकडे ओढलं गेलं. कारखान्यांनी कर्ज काढून डिस्टिलऱ्या उभारल्या. आणि २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. महाराष्ट्र-कर्नाटकात ऊस घटणार, साखर महागणार, आणि लोकसभा निवडणूक तोंडावर. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने रस आणि पाकापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली. आठवडाभराने ती सैल करून १७ लाख टन साखरेइतकी मर्यादा दिली. पूर्ण मोकळीक मिळाली २०२४ च्या ऑगस्टअखेर. दरम्यान राज्यात साखर अंदाजापेक्षा जास्तच झाली होती, कारण नोव्हेंबरच्या अवकाळी पावसाने उभ्या उसाला जीव दिला. हवामान सावरण्यासाठी आणलेलं इंधन हवामानाच्याच एका झटक्याने हंगामाच्या ऐन मध्यात थांबलं. धोरण आखताना हा मान्सून असाच लहरी होत जाणार, हे गृहीत धरलेलं नव्हतं.

त्यात पाण्याचाही हिशोब आहे. नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉल आराखड्यातच लिहिलं आहे की उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं. मराठवाड्यात हा आकडा थरकाप उडवतो. कोल्हापुरात नदी जवळ आहे आणि साखर उतारा देशात वरच्या क्रमांकाचा आहे, तेव्हा इथला ऊस तुलनेने न्याय्य ठरतो, असं माझं मत आहे. पण त्याच उसासाठी नदीकाठची गवताळ गायरानं आणि पूरपट्ट्यातली मोकळी जमीन फडाखाली गेली, हेही लिहिलं पाहिजे.

आणि पैसा? उसाचा एफआरपी, म्हणजे रास्त व किफायतशीर दर, साखरेच्या उताऱ्यावर ठरतो. इथेनॉल आणि विजेतून येणारं उत्पन्न त्यात धरलं जात नाही. रंगराजन समितीने २०१२ मध्ये उपपदार्थांसह एकूण उत्पन्नाचा ७० टक्के वाटा शेतकऱ्याला देण्याचं सूत्र सुचवलं होतं. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये शेतकरी नेते राजू शेट्टींच्या नेतृत्वाखाली शिरोली पुलाजवळ महामार्ग रोखला गेला तो टनामागे जादा पैशांसाठी. स्वच्छ ऊर्जेच्या कायद्याला गावात पाठिंबा मिळवायचा असेल तर हा वाटा मिळायला हवा. भाषणं पुरणार नाहीत.

शेतीच्या विजेचंही तेच. रात्री दोनला पंप सुरू करायला बांधावर जाणाऱ्या माणसाला सौर वाहिनीची दिवसाची वीज हवीच आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत कोल्हापुरात ताराबाई पार्कातल्या महावितरणच्या कार्यालयासमोर धरणं धरलं गेलं ते दिवसा दहा तास विजेसाठी. २०२४ ची मोफत विजेची योजना मात्र साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांना आहे. कोल्हापूरचं पाणी सहकारी उपसा सिंचन संस्थांच्या मोठ्या मोटारी उचलतात. त्या त्यात बसत नाहीत.

आता भुदरगड तालुक्यात पुढचा वाद उभा आहे. पाटगावच्या मौनी सागराजवळ, सिंधुदुर्गच्या हद्दीला लागून अदानी समूहाचा २,१०० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प प्रस्तावित आहे. दिवसा स्वस्त सौर विजेने पाणी वरच्या जलाशयात चढवायचं, संध्याकाळी मागणी वाढली की खाली सोडून वीज करायची. सौर ऊर्जा रात्री वापरायची तर असे साठे लागणारच, हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. भुदरगडच्या लोकांनी विरोध केला तो पाण्यावरून, कारण पाटगावचं पाणी वेदगंगेतून त्यांच्या शेतांना आणि नळांना येतं. अशा प्रकल्पाला पाणी पहिल्यांदा भरायला लागतं आणि नंतर बाष्पीभवनाची भर घालायला. म्हणजे दोन आकडे सांगता येण्याजोगे आहेत: पहिल्या भरणीला किती आणि दरवर्षी किती. तिसरा आकडा पाटबंधारे खात्याकडे असतो: ज्या महिन्यात हे पाणी उचललं जाईल, त्या महिन्यात वेदगंगेवर किती मोटारी चालू असतात. हे तिन्ही आकडे सोप्या मराठीत लिहून गारगोटीच्या बाजारात आणि पाटगावच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावेत, आणि ग्रामसभेने ते वाचून ठराव करेपर्यंत पाणी उचलण्याची परवानगी देऊ नये.